विश्लेषण : सत्तरी ओलांडल्यावर हाती कॅनव्हास, मृत्यूनंतर थेट व्हेनिस… कोण होत्या एमिली उंग्वारे?

व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाने आपल्या दालनात तीन आदिवासी महिलांच्या कलाकृती मांडल्या. जुडी वॉटसन, इव्हॉन कूलमॅट्री आणि एमिली काम उंग्वारे. यातील एमिली यांचे नऊ महिन्यांपूर्वीच निधन झाले होते. जेमतेम आठ वर्षे कॅनव्हासवर काम करून त्या तिथवर कशा पोहोचल्या?

या निवडीला महत्त्व का?

बिएनाले १८९५ पासून भरते. तिथे अनेक देशांची स्वतंत्र दालने असतात आणि आपल्या दालनात कोणाला पाठवायचे, हे तो देश ठरवतो. ऑस्ट्रेलियात मात्र १९६७ च्या सार्वमतापर्यंत आदिवासींना देशाच्या अधिकृत लोकसंख्येत धरलेच जात नव्हते. तेव्हा एमिली पन्नाशी पार केलेल्या होत्या. ज्यांना मोजले नाही, त्यांनाच तीस वर्षांनी देशाने आपला चेहरा म्हणून पुढे केले.

एमिली कोण होत्या?

त्यांचा जन्म १९१० च्या सुमारास नॉर्दर्न टेरिटरीतील अलहलकेरे इथला. त्या अनमात्येरे समाजाच्या. हा भाग ॲलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येला, युटोपिया परिसरात येतो. आयुष्यातील मोठा काळ त्यांनी गोऱ्या मालकांच्या पशुपालन केंद्रांवर राबण्यात घालवला. कलाशाळेचे तोंडही पाहिले नाही. पण स्त्रियांच्या 'अवेल्ये' विधीत अंगावर रंगाच्या रेघा ओढण्याची परंपरा त्यांना ठाऊक होती.

कॅनव्हास कधी हाती आला?

१९७७ च्या सुमारास युटोपियातील महिला बाटिक शिकल्या. गरम मेणाने कापडावर नक्षी काढायची आणि मग रंग द्यायचा. एमिलीही त्यांच्यात होत्या. १९८८-८९ मध्ये एका उपक्रमातून तिथे ॲक्रिलिक रंग आणि कॅनव्हास पोहोचले. तेव्हा एमिली सत्तरीच्या उत्तरार्धात होत्या. त्यानंतरच्या आठ वर्षांत त्यांनी सुमारे तीन हजार चित्रे काढली, असा अंदाज आहे.

चित्रांत नेमके काय आहे?

पाश्चात्त्य समीक्षकांना त्यात अमूर्त चित्रकला दिसली. एमिलींसाठी ती आपली भूमी होती. त्यांच्या नावातील 'काम' म्हणजे एका रानकंदाच्या वेलीचे बी. कंद जमिनीखाली पोसला की वर भेगा पडतात आणि कुठे खणायचे ते कळते. १९९५ च्या 'बिग याम ड्रीमिंग' या आठ मीटर लांबीच्या चित्रात काळ्यावर पांढऱ्या रेघांचे जे जाळे आहे, त्यात ही मुळे आणि भेगा आहेत.

पैसा कोणाला मिळाला?

हयातीत मिळालेल्या पैशांवर त्यांनी मोठा गोतावळा पोसला. मागणी वाढली, तसा विक्रेत्यांचा ससेमिराही वाढला. त्यांच्या 'अर्थ्स क्रिएशन'ला २००७ च्या लिलावात दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक, तर २०१७ मध्ये एकवीस लाख डॉलर मिळाले. पुनर्विक्रीतील पाच टक्के कलाकाराला किंवा वारसांना देणारी योजना ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये आली. म्हणजे पहिल्या विक्रमी लिलावाच्या वेळी असा हक्कच नव्हता.

पुढे काय झाले?

सप्टेंबर १९९६ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जमध्ये त्यांचे निधन झाले. २०१५ मध्ये 'अर्थ्स क्रिएशन' व्हेनिसच्या मुख्य प्रदर्शनात झळकले. २०२४ मध्ये आदिवासी कलावंत आर्ची मूर यांनी ऑस्ट्रेलियाच्या दालनाला पहिला 'गोल्डन लायन' मिळवून दिला. त्यांनी भिंतींवर खडूने मांडली होती आपली वंशावळ. एकेकाळी शिरगणतीत नसलेल्या माणसांची नावे आता देशाच्याच दालनात होती.