झिजलेली बेअरिंग आणि हेन्री रॉईस

रोल्स-रॉईस म्हटलं की आपल्याला महाराजे आठवतात, आणि न परवडणारी किंमत. पण त्यातला रॉईस हा माणूस लहानपणी आपल्या होस्टेलमधल्या कुणाहीपेक्षा गरीब असेल, हे किती जणांना ठाऊक आहे?

हेन्री रॉईसचा जन्म २७ मार्च १८६३ चा, इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळच्या अल्वाल्टन गावात. वडिलांचा गिरणीचा धंदा बुडाला आणि हेन्री नऊ वर्षांचा असताना ते वारले. मग या पोराने पेपर विकले, तारा वाटल्या. शाळा सगळी मिळून जेमतेम वर्षभराची! नात्यातल्या एका बाईने पैसे भरले म्हणून रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अ‍ॅप्रेंटिस लागला, पण तिचेही पैसे संपले आणि शिक्षण अर्धवट राहिलं. १८८४ साली मँचेस्टरला त्याने मित्राबरोबर छोटा धंदा टाकला. विजेच्या घंट्या, मग डायनॅमो, मग क्रेन.

१९०३ मध्ये त्याने एक सेकंडहँड फ्रेंच गाडी घेतली, डेकोव्हिल. दुसऱ्या कुणी ती फिरवली असती. याने ती खोलली, एकेक पार्ट तपासला आणि १ एप्रिल १९०४ ला स्वतःची गाडी रस्त्यावर आणली. महिनाभरात चार्ल्स रोल्सची भेट झाली, पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

मला जास्त इंटरेस्ट आहे तो त्याच्या बेअरिंगमध्ये. त्या काळच्या इंजिनात क्रँक फिरायचा तो व्हाइट मेटलवर. म्हणजे मुख्यतः कथील, त्यात थोडं अँटिमनी आणि तांबं. आयझॅक बॅबिट या अमेरिकन माणसाने हा प्रकार १८३९ मध्ये आणला. धातू मऊ असतो तो मुद्दामच. तेलातला कचरा तो पोटात घेतो आणि तेल बंद पडलं तर आधी स्वतः वितळतो, महागडा क्रँक वाचतो.

म्हणूनच जुनं इंजिन बांधणारे लोक झिजलेलं बेअरिंग दिसलं की लगेच भंगारात टाकत नाहीत. खोलतानाच प्रत्येक कॅपवर खूण करतात, कारण क्रँक आणि बेअरिंग वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून जमलेले असतात. जागा बदलली की संसार मोडला! रॉकेलने धुवायचं, मग नख फिरवायचं. बारीक रेघा नखाला लागत नसतील तर चालतं. नख अडकलं तर विचार करायचा. तडे गेले असतील किंवा धातू मागच्या पितळेपासून सुटला असेल तर मात्र दयामाया नाही, नवीन धातू ओतायचा. झीज एकाच कडेला असेल तर बेअरिंग निर्दोष, कनेक्टिंग रॉड वाकडा. क्रँक दोन दिशांनी मायक्रोमीटरने मोजायचा, तो अंडाकृती झाला असेल तर बेअरिंग कितीही चांगलं असून उपयोग नाही. साधारण हिशेब असा की व्यासाचा हजारावा भाग फट हवी, म्हणजे ५० मिमीला ०.०५ मिमी. खेळ थोडाच वाढला असेल तर कॅपखालचे पातळ शिम काढायचे, निळा रंग लावून स्क्रेपरने जमवायचं. काही जण शॉर्टकट म्हणून कॅपच घासतात. माझ्या मते हा गुन्हा आहे, भोक कायमचं बिघडतं.

रॉईसलाही हे फुकट मिळालं नव्हतं. त्याच्या आधीच्या सहा सिलिंडरच्या गाडीचे क्रँक थरथरून तुटत होते. नंतरच्या ७ लिटरच्या इंजिनात त्याने जाड क्रँक घेतला, सात मुख्य बेअरिंग दिली आणि पोकळ क्रँकमधून दाबाने तेल पोहोचवलं. हीच सिल्व्हर घोस्ट.

१९०७ मध्ये ही गाडी रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली १५,००० मैल पळवली. ६२९ मैलांवर पेट्रोलचा कॉक हादऱ्याने बंद झाला, तेवढा मिनिटभराचा थांबा. मग खरी परीक्षा झाली. इंजिन खोललं आणि क्लबच्या लोकांनी झीज शोधायला सुरुवात केली. बेअरिंगमध्ये मोजण्यासारखं काही सापडलंच नाही! गाडी नव्यासारखी करायला लागलेले पार्ट दोन पौंडांच्या थोडे वर. जाहिरात कुणीही करेल, पण स्वतःचं इंजिन दुसऱ्यांसमोर उघडून ठेवायला छाती लागते.

पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, अशी एक गाडी मुंबई-कोल्हापूर चाचणीत आपल्या घाटांतून धावली आणि नंतर ग्वाल्हेरच्या महाराजांकडे गेली.

रॉईस स्वतःच्या शरीराचं मेंटेनन्स मात्र कधीच करत नसे. जेवण विसरून काम. १९१० मध्ये रोल्स विमान अपघातात गेला, १९११ पासून रॉईस आजारी आणि १९१२ मध्ये मोठं ऑपरेशन. कारखान्यापासून लांब ठेवलेला हा माणूस घरी ड्राफ्ट्समन बोलावून डिझाईन करत राहिला, अजून वीसेक वर्षं. ईगल हे विमानाचं इंजिन असंच लांबून झालं. २२ एप्रिल १९३३ ला तो गेला. त्याने सुरू केलेलं मर्लिन इंजिन टेस्ट बेंचवर पहिल्यांदा फिरलं ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये.