पंडिता रमाबाईंची अमेरिका

अमेरिकेचे नाव निघाले की आपल्याकडे तिच्या संपत्तीची चर्चा होते. त्या संपत्तीपेक्षा तेथील सामान्य माणसांच्या संघटना अधिक मोलाच्या आहेत, हे एकोणिसाव्या शतकातच एका मराठी विदुषीने हेरले होते. ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई.

१८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंना आईवडिलांनी रूढी मोडून संस्कृत शिकविले. पुढे दुष्काळाने ते छत्रही हिरावून घेतले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८२ मध्ये वैधव्य आले. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. तेथील स्त्रियांना राष्ट्रव्यापी मताधिकार मिळण्यास १९२० साल उजाडावे लागले. तथापि मताविनाही वर्गणी, शाखा, सभा आणि वृत्तपत्रे यांच्या बळावर फ्रान्सिस विलर्ड यांच्या मद्यपानविरोधी महिला संघाने राजकारणावर दाब आणला होता. १८८९ मध्ये रमाबाईंनी तेथील लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. त्यात कौतुक आहे, तसेच कृष्णवर्णीय व मूळ रहिवासी यांच्यावरील अन्यायाची नोंदही आहे.

हा धडा त्यांनी कृतीत आणला. १८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षांच्या वार्षिक वर्गणीची हमी दिली आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास आले. परंतु पैसा बोस्टनचा आणि विश्वास पुण्याचा, असा हा व्यवहार होता. १८९३ मध्ये धर्मांतराचा वाद पेटताच रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच वर्षी सदनातील गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांचा पुनर्विवाह झाला, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. रमाबाईंनी केडगावी मुक्ती सदन उभारले. १९२२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या धर्माविषयी मतभेद असू शकतात. पण जवळची वर्गणी न देणाऱ्या समाजाला दूरच्या देणगीवर रोष धरण्याचा अधिकार किती? हरसूलच्या डोंगराळ भागात बचत गटाच्या वहीत थोडीथोडकी रक्कम जमा करणाऱ्या स्त्रियांनी या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. सुशिक्षितांनी ते अद्याप द्यावयाचे आहे.