मार्क ट्वेन कर्ज फेडायला मुंबईत आला होता, कारण त्याची 'कंपनी' कंपनी नव्हतीच

जानेवारी १८९६. साठीतला एक अमेरिकन लेखक मुंबईच्या वॉटसन हॉटेलात उतरला होता. टॉम सॉयर आणि हकलबरी फिनचा बाप, मार्क ट्वेन. एवढा मोठा माणूस या वयात देशोदेशी तिकीट लावून भाषणं देत का फिरत होता? तर डोक्यावर कर्ज होतं. आणि हे कर्ज त्याच्या पुस्तकांचं नव्हतं, धंद्याचं होतं.

झालं असं की, ट्वेनची पुस्तकं तुफान खपायची, पण मलई प्रकाशकच खातात असं त्याला वाटायचं. म्हणून १८८४ मध्ये त्याने भाचीच्या नवऱ्याला हाताशी धरून स्वतःचीच प्रकाशन संस्था काढली. नाव चार्ल्स एल. वेबस्टर अँड कंपनी.

नावात कंपनी असली तरी कायद्याने ती भागीदारी होती. भागीदारीत धंद्याचं देणं हे मालकाचं देणं असतं. पेढीच्या पैशात कर्ज फिटलं नाही, तर देणेकरी थेट भागीदाराच्या मालमत्तेवर येतात. व्यवहार दुसऱ्या भागीदाराने केला असला तरीही.

याचं जिवंत उदाहरण ट्वेनसमोर होतं. माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट 'ग्रँट अँड वॉर्ड' या पेढीत भागीदार होता. वॉर्डने अफरातफर केली, १८८४ मध्ये पेढी बुडाली आणि ग्रँट कफल्लक झाला. घशाचा कॅन्सर झालेला असताना त्याने घरच्यांसाठी आत्मचरित्र लिहून काढलं. ते ट्वेननेच छापलं आणि ग्रँटच्या कुटुंबाला चार लाख डॉलरहून जास्त पैसे मिळाले.

ट्वेनने पुस्तक छापलं, पण धडा घेतला नाही. पुढची पुस्तकं तेवढी चालली नाहीत. खिळे जुळवणाऱ्या एका यंत्रात त्याने लाखो डॉलर ओतले, ते यंत्र कधी नीट चाललंच नाही. त्यात १८९३ ची मंदी आली. एप्रिल १८९४ मध्ये पेढी बुडाली.

स्टँडर्ड ऑईलचा हेन्री रॉजर्स मदतीला धावला. त्याने पुस्तकांचे हक्क ट्वेनच्या बायकोच्या नावावर करवले, म्हणून ते वाचले. कमी रकमेवर तडजोड करता आली असती, पण ट्वेनने पै न पै फेडायचं ठरवलं. त्यासाठीच हा जगाचा दौरा.

किंमत मोठी होती. दौरा आटोपून तो इंग्लंडमध्ये असताना, ऑगस्ट १८९६ मध्ये, २४ वर्षांची मुलगी सूझी अमेरिकेत मेंदूज्वराने गेली. शेवटची भेटही झाली नाही. १८९८ पर्यंत सगळं कर्ज फिटलं.

१९०८ मध्ये त्याने 'मार्क ट्वेन कंपनी' काढली, आपल्या पुस्तकांचे हक्क सांभाळायला. ही मात्र रीतसर नोंदवलेली कंपनी होती. १९१० मध्ये तो गेला.

आपल्याकडे आजही हाच हिशोब आहे. एकट्याची प्रोप्रायटरशिप किंवा १९३२ च्या कायद्याखालची भागीदारी असेल, तर धंद्याच्या कर्जासाठी तुमचं घरही जाऊ शकतं. प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपीमध्ये साधारणपणे गुंतवलेल्या भांडवलापुरतीच जोखीम असते. पण बँकेच्या कागदावर वैयक्तिक हमीची सही केलीत, तर हे संरक्षण त्या कर्जापुरतं संपलं. त्यामुळे दोस्ताबरोबर धंदा काढताना दुकानाचं नाव नंतर ठरवा, आधी नोंदणी कशाची करताय ते बघा.