अलेस्सांद्रो व्होल्टा: बेडकाच्या पायापासून मोबाईलच्या बॅटरीपर्यंत

मोबाईलचा चार्जर हातात घ्या आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचा. ५ किंवा ९ असा आकडा आणि त्यापुढे व्होल्टची खूण दिसेल. हा 'व्होल्ट' शब्द आला इटलीतल्या अलेस्सांद्रो व्होल्टाच्या आडनावावरून. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या की विजेचं काय होतं, या प्रश्नाने त्याला कित्येक वर्षं झपाटून टाकलं होतं. उत्तर त्याला अर्धंच सापडलं. पण त्या अर्ध्या उत्तरातूनच बॅटरी जन्माला आली. चला, त्याची गोष्ट बघूया.

उशिरा बोलू लागलेला मुलगा

व्होल्टाचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ रोजी उत्तर इटलीत, तळ्याकाठच्या कोमो गावात झाला. चार वर्षांचा होईपर्यंत तो धड बोलत नव्हता, त्यामुळे घरचे काळजीत होते. लहानपणीच वडील वारले. घरातले बरेच जण चर्चच्या सेवेत होते, पण याचं मन रमलं विजेच्या प्रयोगांत. विशीच्या आतच तो युरोपातल्या नामवंत अभ्यासकांना पत्रं लिहू लागला. १७७४ मध्ये कोमोच्याच शाळेत त्याला नोकरी मिळाली.

नुसत्या स्पर्शाने वीज

पुढच्याच वर्षी त्याने 'इलेक्ट्रोफोरस' नावाचं उपकरण लोकांसमोर आणलं. याचं तत्त्व स्वीडनच्या विल्केने आधी दाखवलं होतं, पण व्होल्टाने त्याला सोपं आणि कामाचं रूप दिलं.

खाली राळेची जाड वडी, वर काचेची मूठ असलेली धातूची तबकडी. राळ मांजराच्या कातड्याने घासली की तिच्यावर ऋण प्रभार बसतो. राळ रोधक असल्यामुळे तो प्रभार जागचा हलत नाही, तबकडी टेकवली तरी तिच्यात फारसा जात नाही. मात्र तो तबकडीतल्या ऋण प्रभाराला वरच्या बाजूला ढकलतो. आता तबकडीला वरून बोट लावा. ढकललेला प्रभार बोटातून, शरीरातून जमिनीत निघून जातो. बोट काढा, मग मुठीने तबकडी उचला. आता तिच्यावर धन प्रभार उरलेला असतो. ती दुसऱ्या धातूजवळ नेली की चट्कन ठिणगी पडते! राळ पुन्हा न घासता हाच खेळ कितीतरी वेळा करता येतो. फुकटात वीज मिळते असं मात्र नाही. राळ तबकडीला खाली ओढत असते, त्या ओढीविरुद्ध उचलायला आपला हात जी मेहनत करतो, तीच विजेच्या रूपात परत मिळते.

या कामाने त्याचं नाव झालं आणि तो पाव्हिया विद्यापीठात प्राध्यापक झाला.

बेडकावरून वाद

१७९१ मध्ये बोलोन्याच्या लुईजी गॅल्व्हानीने एक निबंध छापला. मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श केला की पाय उडतो, असं त्याने पाहिलं होतं. त्याचा निष्कर्ष असा की वीज प्राण्याच्या शरीरातच असते. व्होल्टाला आधी हे पटलं. मग त्याने स्वतः प्रयोग करून पाहिले आणि त्याला शंका आली. एकाच धातूने परिणाम अगदी कमी होतो, मग दोन वेगळे धातू कशाला लागतात? वीज धातूंतून येत असेल आणि बेडूक ती फक्त दाखवत असेल तर?

मग त्याने बेडूक बाजूलाच ठेवला. जस्त आणि चांदीच्या चकत्या एकमेकींना टेकवायच्या, वेगळ्या करायच्या आणि त्यांच्यावरचा प्रभार नाजूक उपकरणाने तपासायचा. प्रभार अगदी किंचित होता, पण होता! आज आपल्याला कारण माहीत आहे. जस्त आपले इलेक्ट्रॉन चांदीपेक्षा सैल धरतं, म्हणून स्पर्श होताच थोडे इलेक्ट्रॉन जस्तातून चांदीत जातात. पण लगेच समतोल होतो आणि पुढची ये-जा थांबते.

गॅल्व्हानीचा शेवट मात्र दुःखद झाला. नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला त्याने नकार दिला, त्यात त्याची नोकरी गेली. डिसेंबर १७९८ मध्ये तो वारला. व्होल्टाचं सगळ्यात मोठं काम त्याला बघायला मिळालं नाही.

चकत्यांची चळत

नुसत्या चकत्या एकावर एक रचून उपयोग नव्हता, कारण एका जोडीचा परिणाम पुढची जोडी खोडून काढायची. म्हणून व्होल्टाने प्रत्येक जोडीनंतर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा ठेवला. अशा तीस-चाळीस जोड्या रचल्या आणि दोन्ही टोकांना ओले हात लावले की चांगलाच झटका बसायचा. ठिणगीसारखी क्षणात न विझणारी, सतत वाहणारी वीज माणसाच्या हाती आली होती. २० मार्च १८०० च्या पत्राने त्याने ही बातमी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये अशा चळतीने पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले गेले. १८०१ मध्ये पॅरिसला नेपोलियनने स्वतः हा प्रयोग पाहिला आणि त्याला सुवर्णपदक मिळालं.

चुकलं कुठे?

व्होल्टा शेवटपर्यंत म्हणत राहिला की वीज धातूंच्या स्पर्शातूनच येते. पण चळतीतलं जस्त झिजत होतं, गंजत होतं. ही झीज त्याला किरकोळ वाटली. खरी गंमत तिथेच होती. स्पर्शाने प्रभार एकदा सरकतो आणि थांबतो. तो सतत वाहता ठेवायला ऊर्जा लागते आणि ती जस्ताच्या रासायनिक क्रियेतून मिळत होती. हे पक्कं करणाऱ्यांत मायकेल फॅरेडे होता. १८१४ मध्ये मिलानला तो म्हाताऱ्या व्होल्टाला भेटला, तेव्हा फॅरेडे अवघा २२ वर्षांचा मदतनीस होता!

आणि गॅल्व्हानी? तोही पूर्ण चुकला नव्हता. आपल्या नसा आणि स्नायू खरोखरच विजेच्या संकेतांवर चालतात.

५ मार्च १८२७ रोजी व्होल्टा वारला. १८८१ मध्ये विजेच्या दाबाच्या एककाला त्याचं नाव मिळालं.

आता पुन्हा फोनकडे बघा. त्याची बॅटरी रासायनिक क्रियेवर चालते, म्हणजे व्होल्टाला जे दिसलं नाही त्यावर. आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये दोन प्रकारचं सिलिकॉन जिथे भेटतं, तिथे थोडे इलेक्ट्रॉन एका बाजूकडून दुसरीकडे सरकतात आणि थांबतात. बरोबर तसेच, जसे व्होल्टाच्या त्या दोन चकत्यांमध्ये सरकले होते.