कुंचला, कर्नल आणि हुकूमशहा

२० सप्टेंबर १९३९ रोजी लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये एक व्यंगचित्र प्रसिद्ध झाले. उद्ध्वस्त भूमीवर एक प्रेत पडले आहे. त्याच्या एका बाजूस हिटलर, दुसऱ्या बाजूस स्टॅलिन. एखाद्या वकिलातीच्या मेजवानीत भेट व्हावी तसे दोघेही टोप्या उंचावून, कमरेत लवून परस्परांना अभिवादन करीत आहेत. तोंडी मात्र शेलक्या शिव्या आहेत. प्रेत अर्थातच पोलंडचे. जर्मनी व सोव्हिएत संघ यांच्यातील अनाक्रमण कराराला तेव्हा महिनाही झाला नव्हता आणि लाल सैन्य पोलंडमध्ये शिरल्याला अवघे तीन दिवस लोटले होते. परराष्ट्रनीतीच्या पंडितांना जो गुंता उकलण्यास रकानेच्या रकाने लागले, तो डेव्हिड लो यांनी दोन टोप्या आणि एका प्रेतात मांडला.

लो जन्माने इंग्रज नव्हते. ७ एप्रिल १८९१ रोजी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे त्यांचा जन्म झाला. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे पहिले चित्र छापून आले. १९११ मध्ये ते सिडनीच्या ‘बुलेटिन’मध्ये दाखल झाले. तेथे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बिली ह्यूज यांची त्यांनी इतकी खिल्ली उडवली की, त्या चित्रांचे १९१८ मध्ये पुस्तकच निघाले. १९१९ मध्ये ते लंडनच्या ‘स्टार’मध्ये आले आणि लॉइड जॉर्ज यांच्या आघाडी सरकारासाठी त्यांनी दोन तोंडांचे गाढव निर्माण केले. आघाडी सरकारे जवळून पाहिलेल्या दिल्लीकर वाचकाला या प्राण्याची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही.

१९२७ मध्ये लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी त्यांना ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये नेले. मालक साम्राज्याचे कट्टर अभिमानी, तर चित्रकार डाव्या विचारांचा. चित्राच्या विषयात व आशयात हस्तक्षेप होणार नाही, ही अट लो यांनी करारातच घालून घेतली. परिणामी अग्रलेख एक सांगे आणि व्यंगचित्र त्याच्या नेमके उलट. वाचकांना त्यात वावगे वाटले नाही. सत्ताधाऱ्यांना मात्र वाटले.

लो यांचे वेगळेपण समजण्यासाठी त्यांच्याआधीची परंपरा पाहावी लागते. युद्धकाळातील व्यंगचित्रांची प्रतीके भव्य असत: सिंह, अस्वल, शस्त्र उगारलेली देवता. १८५७ च्या ऑगस्टमध्ये ‘पंच’मध्ये जॉन टेनिएल यांनी बंगालच्या वाघावर झेपावणारा ब्रिटिश सिंह काढला, तेव्हा त्या एका चित्राने उठावाची सारी कारणे पुसून केवळ सुडाची भावना शिल्लक ठेवली. पहिल्या महायुद्धातही शत्रू म्हणजे रक्तपिपासू राक्षस, हाच प्रघात होता. लो यांनी हिटलरला राक्षस केले नाही. त्यांनी त्याला फुगीर, चिडखोर आणि क्षुद्र माणूस म्हणून रंगवले. राक्षस म्हणून रंगवले गेल्यास हुकूमशहा सुखावतो. हास्यास्पद ठरणे मात्र त्याला सोसत नाही, हे त्यांनी अचूक हेरले होते. त्यांची चित्रे छापणाऱ्या वृत्तपत्रांवर जर्मनीत व इटलीत बंदी आली.

या संतापाची झळ लंडनपर्यंत पोहोचली. नोव्हेंबर १९३७ मध्ये लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले. गांधी-आयर्विन करारातील आयर्विन ते हेच. तेथे गोबेल्स यांनी वृत्तपत्रांतील टीकेविषयी, विशेषतः लो यांच्या चित्रांविषयी, तक्रार केली. परतल्यावर हॅलिफॅक्स यांनी लो यांची भेट घेऊन शांततेसाठी हात आखडता घेण्यास सुचवले आणि लो यांनी ते मानले. करारात स्वातंत्र्य लिहून घेतलेला हा माणूस सौजन्यपूर्ण विनंतीपुढे नमला, ही गोष्ट त्यांचे चाहते सहसा सांगत नाहीत. हिटलर व मुसोलिनी यांचे मिश्रण करून त्यांनी ‘मझलर’ नावाचा एक अनामिक हुकूमशहा काढला. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि लो मूळ चेहऱ्याकडे परतले.

लो यांचे सर्वांत चिवट प्रतीक मात्र शत्रूचे नव्हते. १९३४ मध्ये जन्मलेला कर्नल ब्लिम्प हा स्वकीय होता: गलेलठ्ठ, झुपकेदार मिशांचा, टर्किश हमामात पंचा गुंडाळून परस्परविरोधी विधाने ठणकावून करणारा. रणगाड्यात बसतानाही घोडदळाच्या टाचा चढवण्याचा हट्ट धरणाऱ्या लष्करी मनोवृत्तीतून तो सुचला. पुढे १९४३ मध्ये पॉवेल आणि प्रेसबर्गर यांनी त्याच्या नावाने चित्रपट काढला, तेव्हा सैन्याची बदनामी होईल या भयाने तो थांबवण्याचा प्रयत्न खुद्द चर्चिल यांनी केला. तो यशस्वी झाला नाही.

याच चर्चिल यांच्यामागे बाह्या सरसावून चालणारे सर्वपक्षीय मंत्रिमंडळ लो यांनी १४ मे १९४० रोजी काढले होते. फ्रान्सने तहाची याचना केल्यानंतर, १८ जूनला, त्यांचे सर्वाधिक गाजलेले चित्र आले. खवळलेल्या समुद्रातील खडकावर एकटा सैनिक उभा आहे आणि येणाऱ्या विमानांवर मूठ उगारून एकाकी लढण्याचा निर्धार प्रकट करीत आहे. चित्र विलक्षण आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु तो सैनिक एकटा होता काय? व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी सप्टेंबर १९३९ मध्येच, कोणत्याही लोकप्रतिनिधीला न विचारता, हिंदुस्थानला युद्धात ओढले होते. त्याच्या निषेधार्थ प्रांतिक काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. युद्ध संपेपर्यंत हिंदी सैन्याची संख्या सुमारे पंचवीस लाखांवर गेली. त्या खडकावर यांपैकी कोणालाही जागा नव्हती. ही विसंगती इंग्लंडमध्येही ध्यानी आली. महिनाभरातच ‘पंच’मध्ये फुगास यांनी दोन साध्या सैनिकांच्या संवादातून या एकाकीपणाची थट्टा केली, साम्राज्यातील पन्नास कोटी माणसे एकाकी कशी, असा तिचा रोख होता.

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर आक्रमण केले आणि प्रेतापलीकडून टोपी उंचावणारा स्टॅलिन लो यांच्या चित्रांत मित्रराष्ट्राचा नेता झाला. युद्धकालीन प्रतीकांची मुदत अशी परराष्ट्र खाते ठरवते.

भारतात लो यांची शाळा दीर्घकाळ चालली. आर. के. लक्ष्मण यांच्या रेषेवर त्यांचा ठसा स्पष्ट दिसतो. बाळासाहेब ठाकरे हे तर त्यांना आदर्शच मानत.

ब्रिटन जिंकल्यावर ज्यांना अटक करायची, त्यांची नाझींनी सिद्ध केलेली यादी १९४५ मध्ये उजेडात आली. तीत लो यांचे नाव होते. पुढे न्यूरेंबर्गच्या न्यायालयात बसून त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यातील गोअरिंगची रेखाटने केली. पूर्वी नाकारलेला ‘सर’ हा किताब त्यांनी १९६२ मध्ये स्वीकारला. १९ सप्टेंबर १९६३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.