अनंताला मोजणारा गणिती : गेऑर्ग कँटर

वाशीम जिल्ह्यातील आसेगाव असो वा मुंबई, बालभारतीच्या 2017 सालच्या नववीच्या गणितात पहिलेच प्रकरण ‘संच’ हे होते. या साध्या वाटणाऱ्या कल्पनेपायी तिच्या जनकाला मात्र आयुष्यभर विरोध सोसावा लागला.

गेऑर्ग कँटर यांचा जन्म 3 मार्च 1845 रोजी रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. 1856 मध्ये हे व्यापारी कुटुंब जर्मनीत स्थायिक झाले. बर्लिनमध्ये 1867 साली डॉक्टरेट मिळवून कँटर 1869 पासून हाले विद्यापीठात शिकवू लागले.

पंगतीत प्रत्येक पाटावर एक माणूस बसला, कोणी उभा नाही आणि एकही पाट रिकामा नाही, तर न मोजताही पाट आणि माणसे सारखीच ठरतात. हीच एकास एक संगती कँटर यांनी अनंत संचांना लावली. 1 समोर 2, 2 समोर 4, 3 समोर 6 अशी जोडी लावत गेल्यास सम संख्या सर्व नैसर्गिक संख्यांइतक्याच भरतात. वास्तव संख्यांची मात्र अशी यादी होऊच शकत नाही, हे त्यांनी 1874 मध्ये सिद्ध केले. 1891 मध्ये त्यांनी याची अधिक सोपी सिद्धता दिली. कोणतीही यादी घ्यावी. पहिल्या संख्येचा पहिला दशांश अंक, दुसरीचा दुसरा, असे अंक बदलत नवी संख्या रचावी. ती यादीतील प्रत्येक संख्येहून वेगळी असते. म्हणजेच अनंतातही लहानमोठेपणा असतो.

बर्लिनचे प्रभावी गणिती आणि कँटर यांचे एकेकाळचे गुरू क्रोनेकर यांना हे विचार मान्य नव्हते. बर्लिनमधील प्राध्यापकपद कँटर यांना कधीच लाभले नाही. 1884 मध्ये त्यांना मानसिक आजाराचा पहिला मोठा झटका आला आणि पुढे तो वारंवार उलटत राहिला. 1899 मध्ये धाकटा मुलगा गेला. तरीही 1890 मध्ये स्थापन झालेल्या जर्मन गणिती संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले आणि 1904 मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सिल्व्हेस्टर पदक मिळाले.

नैसर्गिक आणि वास्तव संख्यांच्या मधल्या आकाराचा अनंत संच असतो का, या प्रश्नाने त्यांना अखेरपर्यंत छळले. महायुद्धाच्या टंचाईत, 6 जानेवारी 1918 रोजी हाले येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. रूढ गृहीतकांवरून त्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी वा नकारार्थी सिद्ध करताच येत नाही, हे गोडेल (1940) आणि कोहेन (1963) यांच्या कार्यातून स्पष्ट झाले. अपयश कँटर यांच्या बुद्धीचे नव्हते.