सांगलीच्या पिनकोडमध्ये लपलीय देवळालीच्या एका मास्तरांची संख्या

सांगलीचा पिनकोड ४१६४१६. यातल्या सगळ्या अंकांची बेरीज करा. ती येते २२. आता ४१६४१६ ला २२ ने भागा. उत्तर येतं १८९२८ आणि बाकी शून्य.

हाच खेळ साताऱ्याच्या ४१५००१ बरोबर करून बघा. अंकांची बेरीज ११, पण भाग दिला की बाकी ४ उरते. म्हणजे इथे जमलं नाही.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला म्हणतात हर्षद संख्या. हर्षद म्हणजे आनंद देणारी. हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी.

कापरेकरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते, त्यांना ज्योतिषाचा नाद. त्यामुळे आकडेमोड घरातच होती. ठाण्यात शाळा झाली आणि पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. १९२७ मध्ये त्यांना गणिताचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये पदवी मिळाली. शिक्षण तिथेच थांबलं.

१९३० पासून ते नाशिकजवळ देवळालीत शाळेत शिकवायला लागले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

दिवसा फळा-खडू आणि उरलेल्या वेळात संख्या. डोंबिवली स्टेशनला तेव्हा डेमलो म्हणायचे. तिथे एक कल्पना सुचली म्हणून त्यांनी त्या संख्यांना डेमलो संख्या असंच नाव देऊन टाकलं. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१ या त्यातल्याच.

आता तुम्ही म्हणाल, हर्षद संख्येचा उपयोग काय?

शाळेत मूळ संख्या शिकलेल्या आठवतात? १ आणि स्वतः, एवढेच दोन विभाजक असलेल्या संख्या. गंमत म्हणजे दोन किंवा जास्त अंकांची मूळ संख्या कधीच हर्षद नसते. का? कारण अशा संख्येच्या अंकांची बेरीज संख्येपेक्षा लहान असते. मूळ संख्येला आपल्यापेक्षा लहान असलेल्या फक्त १ नेच भाग जातो. म्हणजे अंकांची बेरीज १ हवी. ती फक्त १०, १००, १००० अशा संख्यांची येते आणि त्या मूळ नाहीतच.

उदाहरणार्थ १७२९. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. एका भागाकारात कळलं की ही मूळ नाही. उलट मात्र चालत नाही. २५ ला ७ ने भाग जात नाही, म्हणून ती मूळ ठरत नाही. ती ५ गुणिले ५ आहेच.

त्यांचा दुसरा शोध स्वयंभू संख्यांचा. एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्माला येते. सांगलीच्या गाड्यांचा नंबर एमएच-१०. १० मध्ये १ मिळवा, येतात ११, म्हणजे साताऱ्याचा नंबर! पण २०, ३१, ४२, ५३ अशा काही संख्या कुठल्याच संख्येपासून तयार होत नाहीत. त्या स्वयंभू. कापरेकरांनी त्यांना देवळाली संख्या असंही म्हटलं.

सगळ्यात गाजला तो ६१७४. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा, शून्य आलं तर तेही अंक म्हणून धरायचं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. प्रत्येक वजाबाकीचं उत्तर ९ च्या पटीत असतं, कारण दोन्ही संख्यांचे अंक तेच असतात. आणि ६१७४ स्वतः हर्षद आहे, १८ गुणिले ३४३.

एवढं असूनही देशातल्या अनेक गणितज्ञांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. मोठी पदवी नव्हती, विद्यापीठाची खुर्ची नव्हती. बरंचसं लिखाण त्यांनी छोट्या पुस्तिकांमधून छापलं. १९६६ मध्ये पत्नी गेल्या. पेन्शन पुरेना, म्हणून गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेतल्या.

१९७५ मध्ये चित्र पालटलं. मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगभर पोचले. तेव्हा ते सत्तरीचे होते. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज ६१७४ ला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. हर्षद संख्यांना मात्र परदेशात निवेन संख्या हेही नाव आहे, आयव्हन निवेन या गणितज्ञावरून.

आता तुमच्या गावाचा पिनकोड घ्या, अंकांची बेरीज करा आणि भाग देऊन बघा. हर्षद निघाला का?